काळजीबाई

बाई कुत्र्याला भीत, विजेला भीत, खाडीतल्या होडीला भीत आणि मोठ्यानं बोलणाऱ्या पुरुषांना तर फारच भीत. टांग्यात बसण्याआधी त्या घोड्याकडे पाहून टांगेवाल्याला विचारत, "याचं खाणं झालंय ना?" उपाशी घोडा वाटेत चिडून उधळतो, असा त्यांचा समज होता. घराला कुलूप लावलं की त्या ते ओढून बघत, नाक्यापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढत. सारखं ओढल्यानं ते सैल तर झालं नसेल, ही नवी काळजी तोवर उगवलेली असे.

पनवेलमध्ये त्यांना तोंडावर 'मोठ्या बाई' म्हणत, कारण त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पाठीमागे मात्र सगळं गाव 'काळजीबाई' म्हणे. उंच, काटकुळ्या, पांढरं लुगडं, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. शाळेच्या खिडक्यांच्या कड्या त्यांनी सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. एखादी मुलगी गैरहजर असली तर मधल्या सुट्टीपर्यंत शिपाई तिच्या दारात उभा असे : ताप आहे, की घरून निघाली आणि पोचलीच नाही? आया वैतागत. "मावशीकडे गेली असेल तर गेली असेल. बाईंना काय त्याचं?" पण बाईंना त्याचंच होतं.

मी वाईहून नोकरीसाठी आले तेव्हा बावीस वर्षांची होते. माझी प्रमाणपत्रं बाजूला सारून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोहता येतं का हो तुम्हाला?"

मी कृष्णाकाठची. म्हटलं, "येतं."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बरं झालं. शाळा तळ्याच्या एवढ्या जवळ आहे, आणि इथे एकीलाही पोहता येत नाही. कुणी पडलं तर तुम्ही उडी मारायची."

एवढीच माझी मुलाखत. पुढे त्यांच्याच घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली आणि त्यांच्या काळज्यांच्या शेजारीच राहायला गेले. मी स्टोव्ह पेटवला की त्या भिंतीपलीकडून विचारत, "लांब उभ्या आहात ना?"

लोक म्हणत, बाईंच्या लहानपणीच त्यांचा नवरा होडी उलटून बुडाला, तेव्हापासून त्या अशा झाल्या. एकदा मी धीर करून विचारलं. त्या हसल्या. "छे हो, ते विषमज्वरानं गेले. मी त्याच्या आधीपासूनच भित्री आहे."

अशा या बाईंनी संस्था काढली होती, आणि तीसुद्धा पोलीस चौकीत जाऊन कैद्यांची विचारपूस करणारी.

त्याचं असं झालं. बाईंकडे नेऱ्याच्या डोंगराकडून एक कातकरीण लाकडाची मोळी घेऊन येत असे. सोमी तिचं नाव. बोलणं फार नाही; मोळी टाकायची, पाणी प्यायचं, जायचं. एकदा ती यायची बंद झाली. दुसऱ्या कुणी दुसरी मोळीवाली बघितली असती. बाईंना झोप येईना. सर्प चावला असेल, दरीत पडली असेल, बाळंत होताना अडली असेल. शेवटी त्या चालत तिच्या वाडीवर गेल्या. तिथे कळलं की सोमी धडधाकट आहे, पण तिच्या नवऱ्याला, चांगोला, पोलिसांनी कसल्याशा चोरीच्या संशयावरून नेलंय आणि ती रोज चौकीसमोरच्या झाडाखाली बसून असते. कातकऱ्यांवर इंग्रजांनी 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला होता. कुठे काही चोरीला गेलं की आधी वाडीवर धाड पडायची. तो शिक्का पुढे कायद्यानं पुसला, पण चौकीतल्या लोकांच्या डोक्यातून गेला नव्हता.

बाई थेट चौकीत गेल्या. जमादारानं विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

बाईंनी चष्म्याचा दोरा घट्ट धरला. म्हणाल्या, "मी त्याच्या बायकोचं गिऱ्हाईक आहे."

जमादार एवढा हसला की त्यानं त्यांना आत जाऊ दिलं. दोन दिवसांनी चांगो सुटला. पुरावा नव्हताच. पण बाईंनी आत आणखी तिघांना पाहिलं होतं, आणि त्या तिघांची विचारपूस करणारं कुणी नव्हतं. मग त्या दिवसापासून रोज शाळा सुटली की बाई चौकीत. आत कोण आहे? जेवलाय का? घरी कुणाला कळवलंय का? एवढंच विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही.

पुढे या कामाची संस्था झाली. त्यात बाई, मी आणि कोर्टातले एक म्हातारे वकील, ज्यांना ऐकू कमी येई. शाळेतल्या मुलींच्या घरून मूठमूठ तांदूळ यायचे, त्याचा भात आत असलेल्यांना पोचवायचा. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा नावावरून महिनाभर अडलं. वकिलांनी 'न्याय सहायक मंडळ' सुचवलं. बाई घाबरून म्हणाल्या, "न्याय लिहिला आणि देता आला नाही तर?" मी 'दीनसेवा' म्हटलं. "त्यांना दीन म्हटलेलं आवडेल का?" शेवटी त्यांनीच ठरवलं : चौकशी मंडळ. "आपण चौकशी करतो, तेवढं खरं आहे. तेवढंच लिहू या."

गावात थट्टा झालीच. चौकशी पोलीस करतात, या बायका कसली करणार? पण रोज संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर जायची, म्हणून मला ठाऊक आहे. निघण्याआधी त्या तीन-तीनदा चपला घालून काढायच्या. चौकी दिसली की त्या माझं मनगट धरायच्या. मी एकदा म्हटलं, "एवढा त्रास होतो तर एखादा दिवस नका जाऊ."

"न गेल्यानं जास्त त्रास होतो," त्या म्हणाल्या. "लोक मला दयाळू म्हणतात, ते चूक आहे. मला काळजी सहन होत नाही, एवढंच. आत कोण आहे ते कळलं की मला घास गिळवतो."

एका वर्षी चैत्रात भातगिरणीच्या मालकाकडे घरफोडी झाली. चांदीची ताटं, दागिने, बरंच काही गेलं. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या फाटकाशी सोमीला पाहिलं. डोक्यावर मोळी नव्हती, कडेवर मूल होतं. ऊन कडक होतं आणि ती अनवाणी पायांनी जागच्या जागी नाचल्यासारखी करत होती.

"बाय, चौघांना नेला," ती म्हणाली. "पाटेच्या अंधारान आले नि नेला. तिगंच हायेत चौकीन. माजा चांगो नाय."

बाईंनी शाळा शिपायाच्या ताब्यात दिली आणि आम्ही दोघी निघालो. चौकीत आज जमादार हसला नाही. "तिघं आणले, तिघं आहेत. चौथा कुणी नाही."

"त्याच्या बायकोनं पाहिलंय," बाई म्हणाल्या.

"मग पळाला असेल वाटेत. ही जातच तशी."

बाई गजांपाशी गेल्या. आत तिघं भिंतीला टेकून बसले होते. त्यातल्या एकाला त्या ओळखत होत्या. त्याला त्यांनी हळूच विचारलं, "चांगो कुठे आहे रे?" त्यानं जमादाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्यानं तर डोळेच मिटून घेतले.

बाहेर येऊन बाई पायरीवर बसल्या. "तो पळाला असता तर त्यांनी सांगितलं असतं हो," त्या म्हणाल्या. "ते घाबरलेत."

म्हाताऱ्या वकिलांना आम्ही ओरडून सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "ज्याला पकडलंय त्याला जामिनावर सोडवता येतं. ज्याला पकडलंच नाही असं सरकार म्हणतं, त्याला सोडवायचं कसं?"

तोवर मला बाईंच्या काळज्या नेहमीसारख्याच वाटत होत्या. त्या क्षणापासून ती माझीही काळजी झाली.

दवाखान्यात विचारलं. तिथे कुणाला आणलं नव्हतं. स्मशानाकडेही चौकशी झाली. ती वकिलांनी केली, आम्हाला न सांगता, पण बाईंच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी बाई मला म्हणाल्या, "खाडीकडे एकदा बघून याल का?" मी गेले. चिखलात खेकडे पळत होते, तिवरांच्या मुळांत कायकाय अडकलं होतं. प्रत्येक काळ्या ओंडक्यापाशी जाऊन मी वाकून बघत होते. जाळं धुणारा एक कोळी म्हणाला, "काय हुडकतेस, बाय? काय हरवला काय तुजा?" परत आले तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि आत जाऊन ओकल्या.

सोमी आमच्या ओसरीवरच होती. तिला खायला दिलं तर ती मुलाला भरवी, स्वतः खात नसे. रडत नव्हती. मध्येच उठून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून येई.

पत्ता लागला तो कासमभाईमुळे. कासमभाई म्हणजे बाईंचा नेहमीचा टांगेवाला, ज्याच्या घोड्याच्या पोटाची बाई चौकशी करत. तो मागच्या दारानं आला. पनवेलमध्ये त्याला कुणी कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तो कुजबुजत होता.

"बाई, मी बालबच्चेवाला माणूस. माझं नाव कुठे घेऊ नका. पळस्प्याच्या पुढे जुन्या नाक्याची बंद खोली आहे ना? धाड पडली त्या दिवशी फजरला, उजाडायच्या आधी, मी सवारी सोडून परत येत होतो. तिथे लॉरी उभी होती. दोघांनी एकाला उचलून आत नेला. चालत नव्हता तो."

"जिवंत होता?" बाईंनी विचारलं.

"खुदाला माहीत."

बाई तशाच उठल्या. घोड्याबद्दल काही न विचारता टांग्यात बसल्या. मी आणि सोमी मागे. त्या खोलीच्या दाराला कुलूप होतं आणि सावलीत एक शिपाई बसला होता.

"आत काय आहे?" बाईंनी विचारलं.

"चुन्याची पोती."

"चुन्याच्या पोत्यांना पहारा कशाला?"

शिपाई उठून उभा राहिला. "तुम्ही जाता की साहेबांना बोलावू?"

बाईंनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "चांगो!" काही नाही. मग सोमीनं मारली. तिची हाक मला अजून ऐकू येते. शब्द नव्हताच तो, लांबच्या डोंगरावरच्या माणसाला साद घालतात तसा आवाज होता. आम्ही श्वास रोखून थांबलो. आतून काहीच आलं नाही. शिपायानं काठी उचलली आणि कासमभाई ओरडला, "चला बाई, चला!"

आतून उत्तर आलं नाही ते चांगो तिथे नाही म्हणून, की तो आहे आणि उत्तर देऊ शकत नाही म्हणून? परतताना दोन्ही विचार टांग्यात आमच्याबरोबर बसले होते.

ते कुलूप उघडायचा हुकूम मामलेदार देऊ शकत होते. तालुक्याचे मॅजिस्ट्रेट तेच. कचेरीत गेलो तर साहेब कामात होते. पुन्हा गेलो तर फिरतीवर होते. तिसऱ्या वेळी पट्टेवाला म्हणाला, "लेखी द्या, साहेब सवडीनं बघतील." बाईंनी लेखी दिलं. सवडीनं म्हणजे कधी, या विचारानं त्या रात्रभर ओसरीवर येरझारा घालत होत्या. बंद खोली, वरून पत्रे, चैत्रातलं ऊन. पाणी देत असतील का? एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "पाणी तरी देत असतील का हो?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मामलेदारांच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. शाळेतल्या मास्तरणी म्हणून आम्हाला बोलावणं होतं, अर्थात बाईंना सोडून. विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, हे सांगावं लागू नये इतकं सगळ्यांना माहीत होतं, आणि बाईंनीही त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं.

"तुम्ही जाणार आहात ना आज?" त्यांनी मला विचारलं.

"या परिस्थितीत? छे."

"साहेब घरी असतील का त्या वेळी?"

"असतील. घरचंच कार्य आहे."

बाईंनी ओसरीवर बसलेल्या सोमीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग मी येते."

मला वाटलं त्यांना भ्रम झाला. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला ते लोक दारातून…"

"ठाऊक आहे हो मला," त्या म्हणाल्या. "आज मला लहान मुलासारखं बोट धरून न्यावं लागेल. तुम्ही फक्त हात सोडू नका."

मामलेदारांच्या दिवाणखान्यात गौर झोपाळ्यात बसवली होती. पुढे कलिंगडाची कमळं, करंज्या, कैरीच्या डाळीचं पातेलं. गावातल्या वीस-पंचवीस बायका जरीच्या लुगड्यांत बसल्या होत्या, वाळ्याचं अत्तर दरवळत होतं. भातगिरणीची मालकीण गौरीजवळच बसून चोरीची हकिकत सांगत होती. मामलेदारीणबाई वयानं माझ्याएवढीच. हातात करंडा घेऊन ती एकेकीला कुंकू लावत होती.

आम्ही तिघी दारात उभ्या राहिलो. पांढऱ्या लुगड्यातल्या बाई, गुडघ्यापर्यंतच्या फाटक्या लुगड्यातली सोमी कडेवर मूल घेऊन, आणि मध्ये मी. बोलणं बंद पडलं. मग गिरणीची मालकीण किंचाळलीच, "अगंबाई, ही तर आमच्याकडच्या चोराची बायको!"

कोपऱ्यातली एक म्हातारी बाईंना म्हणाली, "अहो, शिकल्यासवरलेल्या तुम्ही. आजच्या दिवशी पायरी कशी चढलात?"

बाईंनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की माझी बोटं काळीनिळी पडली. आवाज इतका बारीक निघाला की पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. त्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली.

"मला कुंकू नको. मी ते घ्यायला आले नाही. मी हिच्यासाठी आले." त्यांनी सोमीला पुढे केलं. "हिच्या नवऱ्याला पोलिसांनी नेलंय आणि नेलं नाही म्हणतात. पळस्प्यापुढच्या खोलीत कोंडलाय असं ऐकतो. तो जिवंत आहे की नाही, ते कुणी सांगत नाही. आज तुम्ही सवाष्णींना कुंकू लावताय. हिला लावायचं की नाही, ते तुम्ही साहेबांना विचारून सांगा. दुसरं कुठे विचारायचं ते मला माहीत नाही."

मामलेदारीणबाई करंडा हातात धरून तशीच उभी होती. सोमीला यातलं किती कळलं कोण जाणे. ती गौरीकडे टक लावून बघत होती. गिरणीची मालकीण म्हणाली, "बाहेर काढा हो यांना आधी."

मग मामलेदारीणबाई पुढे आली. दारापर्यंत येऊन तिनं सोमीच्या कपाळावरचे केस बोटांनी बाजूला केले, घाम पदरानं टिपला आणि ठसठशीत कुंकू लावलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं. मग ती आतल्या खोलीकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "अहो, जरा बाहेर या."

मामलेदार बाहेर आले. बायकांच्या घोळक्यात आल्यामुळे अवघडले होते.

"मी आत्ता हिला कुंकू लावलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "बरोबर केलं की चूक, ते तुम्ही बघून या."

त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग दुसरंच काहीतरी. बाईंचा अर्ज त्यांनी वाचला असावा. ते आत गेले, कोट घालून आले आणि कुणाशीही न बोलता जीपमध्ये बसले.

बायका एकेक करून निघून गेल्या. काहींनी ओटीतले हरभरे न घेताच चपला घातल्या. आम्ही बाहेरच्या पायरीवर बसून राहिलो. मामलेदारीणबाईनं पन्हं आणून दिलं. सोमीनं ते मुलाला पाजलं, बाईंना एक घोट जाईना. "तुम्हाला मी अडचणीत टाकलं," बाई तिला म्हणाल्या. ती आमच्याच पायरीवर, रेशमी लुगड्यानिशी, बाजूला बसली. दिवे लागायची वेळ झाली. प्रत्येक गाडीच्या आवाजाला आम्ही चौघी एकदमच मान वळवत होतो.

जीप आली तेव्हा मामलेदार पुढे न बसता मागे बसले होते. त्यांच्या पायाशी पोत्यांवर चांगो होता. ओठ फुटलेले, एक पाय मांडीपासून सुजून खांबासारखा झालेला. आम्ही खोलीबाहेरून हाक मारली तेव्हा तो बेशुद्ध होता, असं नंतर कळलं. सोमी जीपच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि तिनं हात त्याच्या छातीवर ठेवला. हात वर-खाली होत होता. ते पाहून मला हुंदका फुटला. बाई रडल्या नाहीत. त्या मामलेदारांना म्हणाल्या, "आता दवाखान्यात नोंद करून घ्या हो. नाव घाला. नाहीतर पुन्हा हरवेल."

चांगो जगला. पाय मात्र वाकडाच राहिला. बाकीचे तिघं कातकरी सुटले, खटला झाला नाही, चोरी कुणी केली ते कधी कळलं नाही. चौकीच्या फौजदाराची बदली झाली, बढतीवर झाली असं लोक म्हणत. मामलेदारांचीही झाली, ती बढतीवर नव्हती. पावसाळ्याच्या आत सोमी आणि चांगो डोंगरापलीकडे निघून गेले. जाताना सोमी भेटायला आली नाही. मी म्हटलं, "एकदा तरी यायचं होतं तिनं." बाई म्हणाल्या, "गावात यायची भीती वाटली असेल. बरोबरच आहे."

शाळेच्या कमिटीनं बाईंना निवृत्तीपर्यंत रजेवर जायला सांगितलं. मुख्याध्यापिकेला न शोभणारं वर्तन, असं काहीसं कारण होतं. मी संतापले, आपण सगळ्या राजीनामे देऊ म्हणाले. बाईंनी मला गप्प केलं.

"राहू द्या हो. आता मला चौकीत सकाळीसुद्धा जाता येईल. शाळेमुळे संध्याकाळ व्हायची. सकाळी कुणाला आणलं असेल, या काळजीनं दिवसभर शिकवण्यात लक्ष नसायचं माझं."

"पण तुमच्यावर अन्याय झालाय."

त्यांनी खरंच विचार केला. "झालाय खरा," त्या म्हणाल्या. "पण माझी मला काळजी वाटत नाही, त्याला काय करू?"

मंडळ पुढेही चाललं. वकील वारले, दुसरे एक आले. कासमभाई उघडपणे सभासद झाला आणि प्रत्येक सभेत मोठ्यानं बोलू लागला, त्यामुळे बाई त्यालाही थोड्या भीत. त्या गेल्या तेव्हा मी पनवेलमध्ये नव्हते. बातमी मला उशिरा कळली. शेवटी शेवटी त्यांना फार दिसत नसे, तरी चौकीची वाट चुकत नव्हत्या, असं ऐकलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझं लग्न होऊन मी नाशिकला निघाले तेव्हा. एस.टी. स्टँडवर त्या मला पोचवायला आल्या होत्या. माझे यजमान सामान चढवत होते आणि बाई ड्रायव्हरपाशी उभ्या होत्या.

"ब्रेक बघितलेत का?"

"रोज बघतो, बाई."

"आज बघितलेत का?"

ड्रायव्हरनं त्यांच्यासमोर ब्रेक दाबून दाखवला तेव्हा कुठे त्या माझ्या खिडकीशी आल्या. "घाटात खिडकीतून हात बाहेर काढू नका. नव्या घरी विहीर असली तर आधी कठडा बघा. आणि एकटं वाटलं तर मनात ठेवू नका, मला…"

त्यांचं वाक्य तिथेच थांबलं. रस्त्याच्या पलीकडून दोन शिपाई एका माणसाला घेऊन चालले होते. त्याच्या दोन्ही हातांना काढणीची दोरी बांधली होती, अंगावरचा सदरा फाटला होता, आणि तो रस्त्याकडे बघत चालला होता. गर्दीतलं कुणी थांबलं नाही.

बाईंनी माझ्या हातावरचा हात काढला. "येते हां," एवढं म्हणाल्या, तेही बहुधा मला नाही. मग त्यांनी लुगड्याचा ओचा वर घेतला आणि उजवी-डावीकडे न बघता रस्ता ओलांडला. एका ट्रकनं करकचून भोंगा वाजवला. त्या पळत होत्या. मी त्यांना पळताना कधीच पाहिलं नव्हतं.

आमची गाडी सुरू झाली. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिले. बाईंनी त्या तिघांना गाठलं होतं. एक शिपाई हात हलवून त्यांना दूर जायला सांगत होता, पण त्या त्या माणसाच्या बाजूनं चालतच होत्या. गाडी वळली तेव्हा त्यानं मान वर केली होती आणि तो त्यांच्याशी बोलत होता.